टॉवर उतरवला की द्राक्षे पिकतील? एका संदेशाची उलटतपासणी

गेले महिनाभर नाशिकच्या गटागटांतून एक लांबलचक संदेश फिरतो आहे. माझ्यापर्यंत तो दोन वाटांनी आला. पहिल्यांदा आला तो इंदिरानगरातील आमच्या सोसायटीच्या गटावर, गच्चीवरच्या मोबाईल टॉवरचा करार वाढवायचा की नाही हे ठरवण्यासाठी बोलावलेल्या सभेच्या आदल्या रात्री. दुसऱ्यांदा तो निफाडहून मावसभावाने धाडला आणि खाली लिहिले, ‘दादा, हे खरं आहे का? आपल्या बागेच्या बांधाला लागून टॉवर उभा राहतोय.’

संदेशाचा आशय थोडक्यात असा आहे. ५जीच्या लहरी हा क्ष-किरणांसारखाच घातक किरणोत्सर्ग आहे. टॉवर म्हणजे दार नसलेली मायक्रोवेव्ह भट्टी असून फोनवर सिग्नलच्या सगळ्या काड्या दिसणे हा धोक्याचा इशारा आहे. फोन खरे तर उपग्रहावर चालतात, त्यामुळे टॉवर काढले तरी कोणाचे काही अडत नाही. शहरातल्या चिमण्या आणि बागांतल्या मधमाश्या याच लहरींनी मेल्या व म्हणून द्राक्षाचे घड जिरतात, म्हणजे वाढण्याआधीच नाहीसे होतात. परदेशात ५जीच्या चाचणीत शेकडो पक्षी मरून पडले, आपल्याकडे त्याच चाचण्यांतील मृत्यूंना करोना हे नाव दिले गेले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाचा धोका मान्य केला आहे. शेवटी, अर्थातच, वीस जणांना पाठवण्याची विनंती आहे.

मी नऊ वर्षे मोबाईल नेटवर्कच्या मोजणीचे काम केले आहे. गाडीच्या मागच्या सीटवर लॅपटॉप आणि चार-पाच फोन घेऊन गल्लोगल्ली फिरायचे, कुठे सिग्नल किती आहे आणि कॉल कुठे तुटतो याची नोंद घ्यायची, असे ते काम. आमच्या धंद्यात त्याला ‘ड्राइव्ह टेस्ट’ म्हणतात. तो धंदा सोडून आता बराच काळ झाला, त्यामुळे मी कोणत्याही कंपनीचा मिंधा नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो.

पहिले विधान क्ष-किरणांचे आहे, आणि त्याच्या गोंधळात थोडा दोष आपल्या भाषेच्या वापराचाही आहे. अणुभट्टीतून जे बाहेर पडते त्यालाही आपण किरणोत्सर्ग म्हणतो आणि रेडिओच्या एरियलमधून जे निघते त्यालाही. शास्त्राच्या पुस्तकांत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत: कोणतीही ऊर्जा लहरींच्या रूपाने पसरली की ते प्रारण, आणि अणूचे अस्थिर केंद्रक आपोआप बदलताना जे बाहेर पडते तो किरणोत्सार. चुलीची धग आणि ट्यूबलाइटचा उजेड ही दोन्ही प्रारणेच आहेत. एखादे प्रारण पेशीतील रेणूंचे बंध तोडू शकते की नाही, हे त्याच्या एकेका कणाजवळ किती ऊर्जा आहे यावर ठरते, आणि ती ऊर्जा लहरीच्या कंप्रतेबरोबर (फ्रीक्वेन्सीबरोबर) वाढते. भारतात ५जीसाठी प्रामुख्याने वापरला जाणारा पट्टा साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासचा आहे, म्हणजे लहरीची लांबी साधारण साडेआठ सेंटिमीटर. देवघरातल्या तांबड्या दिव्याच्या प्रकाशातील एका कणाची ऊर्जा या लहरीच्या एका कणापेक्षा सुमारे सव्वा लाख पट अधिक असते, आणि तरीही तो दिवा रेणू तोडू शकत नाही. त्यासाठी दृश्य प्रकाशाच्याही पलीकडे, अतिनील पट्ट्यात जावे लागते. क्ष-किरण त्याहूनही पुष्कळ पुढचे.

या लहरी नव्या आणि कधी न वापरलेल्या आहेत, असेही संदेशात म्हटले आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात लोकांसमोर भिंतीपलीकडे घंटा वाजवून दाखवली, ती मिलिमीटरच्या मापाच्या लहरींनी, म्हणजे आजच्या ५जीच्या मुख्य पट्ट्यापेक्षा कितीतरी अधिक कंप्रतेच्या लहरींनी. घरातले वायफायसुद्धा २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झवर चालते. आमच्या मजल्यावरील एका काकूंनी ‘शेजाऱ्यांनी घरातच ५जी बसवला आहे’ अशी तक्रार केली होती. पाहिले तर शेजाऱ्यांच्या राऊटरचे नाव फोनवर दिसताना त्याच्या शेपटाला ‘५जी’ जोडलेले होते. तिथे त्या ‘जी’चा अर्थ गिगाहर्ट्झ होता, पिढी नव्हे.

आता भट्टीचे विधान. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बिनतारी संदेशवहनाचे सारे मर्म या एकाच मुद्द्यात आहे. घरातली मायक्रोवेव्ह भट्टी सातशे ते हजार वॅटची शक्ती एका बंद धातूच्या पेटीत कोंडते, म्हणून पाणी उकळते. टॉवरवरील ४जीच्या एका अँटेनाला एका वाहकासाठी, म्हणजे एका ठरावीक पट्ट्यासाठी, साधारणपणे वीस ते चाळीस वॅट दिले जातात, आणि ते मोकळ्या आकाशात सोडले जातात. अँटेना हा विजेरीतील बल्बमागच्या परावर्तकासारखा असतो: शक्ती वाढवत नाही, ती एका दिशेने एकवटतो. समजा त्याने चाळीस वॅट पन्नास पटींनी एकवटले. तरी झोताच्या ऐन मध्यावर, पन्नास मीटर अंतरावर, एका चौरस मीटरवर पडणारी शक्ती सुमारे ०.०६ वॅट भरते, आणि अंतर दुप्पट केले की ती चौथाई होते. असे चार अँटेना एकाच दिशेने रोखलेले धरले तरी पाव वॅट होतो. नाशिकच्या एप्रिलमधल्या भर दुपारच्या उन्हात त्याच चौरस मीटरवर हजार वॅटच्या घरात शक्ती पडत असते.

भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून लागू केलेली मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या दहाव्या हिश्श्याइतकी आहे: ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ०.४५ वॅट, १८०० ला ०.९२, आणि २००० च्या पुढे १ वॅट. वर काढलेला आकडा या मर्यादेशी ताडून पाहावा. शिवाय झोत आडवा, क्षितिजाकडे, किंचित खाली झुकवून सोडलेला असतो, त्यामुळे ज्या इमारतीवर टॉवर आहे तिच्या रहिवाशांना मिळणारी लहर समोरच्या इमारतीपेक्षा सहसा कमीच असते. दिव्याखाली अंधार ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. टॉवरच्या भाड्यातून आमच्या सोसायटीने लिफ्ट दुरुस्त केली आणि आरडाओरडा सर्वांत जास्त वरच्या मजल्यावरून झाला, याची गंमत मला तेव्हा वाटली होती.

पण या मुद्द्याचा खरा भाग पुढे आहे. फोन केवळ ऐकत नाही, तो बोलतोही, आणि आपल्या सर्वांत जवळचा प्रक्षेपक गच्चीवर नसून कानाशी असतो. ४जी किंवा ५जीच्या फोनची कमाल शक्ती साधारण ०.२ वॅट असते. आकडा छोटा आहे, मात्र अंतर पन्नास मीटर नसून एक-दोन सेंटिमीटर आहे, आणि अंतराच्या वर्गाचा हिशेब आत्ताच पाहिला. फोनची ही शक्ती कायम तेवढीच राहत नाही. टॉवर त्याला दर क्षणी ‘हळू बोल’ किंवा ‘मोठ्याने बोल’ असे सांगत असतो. सिग्नल चांगला असेल तर फोन आपली शक्ती कमाल पातळीच्या हजाराव्या हिश्श्याच्याही खाली उतरवतो, आणि टॉवर लांब असेल तर घसा ताणून ओरडतो.

हे प्रत्येकाला स्वतः पाहता येते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिम कार्डाच्या माहितीत सिग्नलची ताकद डीबीएममध्ये लिहिलेली असते. आकडा ऋण असतो आणि दर दहाला शक्ती दहा पटींनी बदलते. आमच्या इमारतीत मी मोजले तेव्हा समोरच्या बाल्कनीत उणे ७१ होते आणि लिफ्टच्या भिंतीमागच्या स्वयंपाकघरात उणे १११. चाळीसचा फरक, म्हणजे ओट्याशी पोहोचणारी लहर बाल्कनीतल्या लहरीच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतकी. म्हणून तिथे बोलताना फोन गरम होतो आणि बॅटरी भराभर उतरते. पेठ किंवा हरसूलच्या घाटात दिवसभर हिंडून आल्यावर न वापरलेला फोनही संध्याकाळी मान टाकतो, त्याचेही मूळ कमकुवत सिग्नलमध्येच: तो दिवसभर टॉवर शोधत असतो. तेव्हा सगळ्या काड्या दिसणे हा धोक्याचा इशारा असल्याचे विधान नेमके उलटे आहे. सोसायटीने टॉवर उतरवला तर गच्चीवरची लहर जाईल हे खरे, पण त्या दिवसापासून इमारतीतला प्रत्येक फोन प्रत्येकाच्या कानाशी अधिक जोराने बोलू लागेल.

उपग्रहाचे विधान अनेक सुशिक्षित लोकही खरे मानतात, म्हणून त्याचे नीट उत्तर द्यायला हवे. फोनचे उपग्रहाशी रोजचे नाते एवढेच, की जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून वेळेचे संकेत पाठवतात आणि फोन ते ऐकून आपली जागा ठरवतो. उलट दिशेने तो त्यांना काहीही पाठवत नाही. बोलणे आणि इंटरनेट टॉवरवरूनच जाते. किंबहुना बिनतारी भाग फक्त फोनपासून जवळच्या टॉवरपर्यंतचा असतो. सातपूरहून पुण्याला लावलेला कॉल पुढचा बहुतेक प्रवास जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरमधून करतो आणि पुण्यात शेवटच्या टॉवरवरून पुन्हा हवेत येतो. शहराचे छोटे छोटे भाग पाडायचे, प्रत्येक भागाला कमी शक्तीचे केंद्र द्यायचे, आणि दूरच्या भागात तीच कंप्रता पुन्हा वापरायची, ही कल्पना १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मांडली गेली. त्या भागाला सेल म्हणतात, आणि सेल्युलर फोन हे नाव तिथूनच आले. हातात धरून बोलायच्या फोनवरचा पहिला कॉल ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कमध्ये मार्टिन कूपर यांनी केला. भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला गेला.

या रचनेत फोन खिशात असतानाही अधूनमधून आपण कुठल्या भागात आहोत हे नेटवर्कला कळवत राहतो, म्हणूनच कॉल आल्यावर त्याला सगळ्या देशात हाका मारत बसावे लागत नाही. गाडी चालत असताना एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवणूक होते, ती इतक्या झटकन की बोलणाऱ्याला कळत नाही. मुंबईला जाताना इगतपुरीपुढे बोगद्यांत कॉल तुटतो तो पुढचा टॉवर वेळेत हाती न लागल्यामुळे. आणि एका भागाची क्षमता ठरलेली असते. २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रामकुंडाजवळ मी उभा होतो, फोनवर सगळ्या काड्या होत्या आणि घरी साधा संदेश जात नव्हता. सिग्नल भरपूर होता, पण तो वाटून घेणारी माणसे लाखांत होती. अशा वेळी उपाय एकच असतो: चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणून भाग आणखी लहान करायचे. म्हणजे टॉवर जास्त, प्रत्येकाची शक्ती कमी. पुढचा कुंभमेळा तोंडावर असताना ‘टॉवर काढा’ म्हणणाऱ्यांनी हे एवढे तरी ध्यानात घ्यावे.

चिमण्यांबद्दल नाशिककराने बेजबाबदारपणे बोलू नये, कारण चिमण्या वाचवण्याच्या कामाने ज्यांचे नाव जगभर गेले ते मोहम्मद दिलावर याच शहरातले, आणि २० मार्च हा जागतिक चिमणी दिन २०१० पासून पाळला जातो तो त्यांच्या संस्थेच्या पुढाकाराने. चिमणीला घरट्यासाठी फट लागते, आणि पिलांना भरवायला अळ्या-किडे लागतात. जुन्या नाशिकातील वाड्यांच्या कौलांत, वाशांच्या खोबणींत आणि तसबिरींच्या मागे ती फट होती. काचेच्या खिडक्यांच्या सपाट इमारतीत ती नाही, आणि फरशी घातलेल्या अंगणात किडे नाहीत. ब्रिटनमध्ये चिमण्यांची घट १९७० च्या दशकाअखेरीस सुरू झाली, तेव्हा तिथे मोबाईल नव्हता. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा २०२० चा अहवाल तर म्हणतो की देशभराचा विचार करता चिमणीची संख्या पंचवीस वर्षांत साधारण स्थिर राहिली, घट मोठ्या शहरांत आहे. मोजणीच्या काळात टॉवरवर अँटेनाच्या मागे तारांचे तुकडे विणून केलेली कावळ्यांची घरटी मी अनेकदा पाहिली आहेत. तो काही पुरावा नव्हे, हे मान्य आहे; पण संदेशातही पुरावा म्हणून याहून अधिक काही दिलेले नाही.

द्राक्षांचा मुद्दा मात्र मला खरोखर खटकला, कारण त्यामुळे एखादा बागायतदार चुकीच्या जागी उत्तर शोधत बसू शकतो. द्राक्षाचे फूल उभयलिंगी असते आणि त्याचे परागण बहुतांशी स्वतःच्याच परागाने होते; थॉमसनसारख्या बिनबियांच्या वाणात घड सेट होण्यासाठी मधमाशीवर विसंबावे लागत नाही. दुसरे असे की ऑक्टोबर छाटणीनंतर दिसणारा घड हा तेव्हा तयार होत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यात, म्हणजे सुप्त कळीत, सूक्ष्मघड धरतो, आणि त्या काळात ऊन कमी पडले, ढग राहिले, पाऊस झाला, नत्र जास्त होऊन वेल नुसताच पानाला माजला, तर डोळ्यात घडाऐवजी बाळी (वेलीचा तणावा) येते किंवा घड बारीक निघून पुढे जिरतो. २०२५ च्या मे महिन्यात अवकाळी पाऊस कसा कोसळला हे निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला सांगायला नको. जिथे टॉवरचे नावही नाही अशा शिवारांतही घड जिरतात.

मधमाश्यांची कथा २००७ च्या एका वृत्तपत्रीय बातमीतून वाढली. जर्मनीत काही संशोधकांनी घरगुती कॉर्डलेस फोनचा तळ चक्क पोळ्याच्या पेटीत ठेवून छोटासा प्रयोग केला होता. बातमीत त्याचा मोबाईल फोन झाला आणि पुढे टॉवर. मधमाश्या कमी होत आहेत ही चिंता खरी आहे, आणि बियाण्यासाठी कांदा लावणारा आपल्याकडचा शेतकरी ती जाणतो, कारण कांद्याच्या फुलाला मधमाशी लागतेच. पण फुलोऱ्यात केलेली कीटकनाशकाची फवारणी, पोळ्यांतले परजीवी माइट आणि तोडलेली बांधावरची झाडे ही तिच्या मरणाची ओळखीची कारणे आहेत.

परदेशातल्या पक्ष्यांबद्दल फार लिहायचे कारण नाही. नेदरलँड्समधील हेग शहरात २०१८ च्या शरदात साळुंकीच्या कुळातील तीनशेहून अधिक स्टार्लिंग एका उद्यानात मेले, हे खरे आहे. त्या भागातील ५जीची चाचणी मात्र जूनमध्ये एक दिवस झाली होती. करोनाचे विधान तर दिनदर्शिकाच खोडून काढते. दुसरी लाट २०२१ च्या एप्रिल-मे मधली, आणि भारतात ५जी सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ रोजी. दूरसंचार विभागाने मे २०२१ मध्येच स्पष्ट केले होते की देशात तेव्हा कुठेही ५जीची चाचणी चालू नव्हती.

उरला कर्करोग, आणि इथे संदेशात अर्धे सत्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘२ब’ गटात टाकले, ही गोष्ट खरी आहे. या गटाचा अर्थ ‘शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही, पुरावा अपुरा आहे’ असा होतो, आणि त्यात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. हा गट धोका किती आहे ते सांगत नाही, पुरावा किती पक्का आहे एवढेच सांगतो. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात दररोज नऊ तास, दोन वर्षे, सर्वांगावर लहरी घेतलेल्या काही नर उंदरांच्या हृदयात गाठी आढळल्या. हा निष्कर्ष मी लपवणार नाही. त्याच प्रयोगात लहरी घेतलेले नर उंदीर न घेतलेल्यांपेक्षा जास्त जगले, हेही सांगायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही. ज्याला तरीही सावध राहायचे असेल त्याने कानाशी फोन धरण्याऐवजी इयरफोन लावावा, आणि रेंज नसलेल्या कोपऱ्यात लांबलचक बोलू नये. फोन शरीरात किती ऊर्जा सोडतो याची भारतातील मर्यादा किलोला १.६ वॅट आहे, आणि आपल्या फोनचा आकडा स्टार-हॅश-शून्य-सात-हॅश दाबून पाहता येतो.

सभेत मी यातले निम्मे बोललो असेन. टॉवरबद्दल विचारण्याजोगे प्रश्न वेगळे होते आणि ते वरच्या मजल्यावरच्या एका काकांनी नेमके विचारले: गच्चीच्या स्लॅबवर किती भार आहे, तो कोणी तपासला, जनरेटरचा आवाज रात्री कोण बंद करणार, आणि करारात पावसाळी गळतीची जबाबदारी कोणावर आहे. लहरींची शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर आपल्या भागातील टॉवरची नोंद पाहता येते आणि शुल्क भरून जागेवर मोजणीही करून घेता येते. तसा अर्ज करायचे ठरले, आणि करार स्लॅबच्या तपासणीपर्यंत पुढे ढकलला गेला.

मावसभावाला मी फोनवर एवढेच सांगितले, की टॉवरवाल्याकडून बांधाच्या मोजणीचा कागद आणि गाडी येण्या-जाण्याची वाट लिहून घे, आणि छाटणीआधी प्रत्येक प्लॉटमधल्या वेलींच्या काड्या प्रयोगशाळेत देऊन डोळे तपासून घे. ‘त्या कधी द्यायच्या?’ त्याने विचारले. पण तेवढ्यात त्याचा आवाज तुटू लागला, कारण तो बागेच्या खालच्या टोकाला होता आणि तिथे रेंज येत नाही.